मैत्रीण आहे, मग थेरपिस्ट कशाला?

एका ताईंनी हा प्रश्न विचारलाय. मैत्रीण हवीच हो. पण तिला वाईट वाटू नये म्हणून आपण निम्मं गिळतो. शिवाय आपलं गोवं एवढंसं, म्हापशात बोललेलं संध्याकाळपर्यंत पेडण्यात पोचतं. थेरपिस्ट गुप्तता पाळतो, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर.

बाबा गेल्यावर आईचं रांधणंसुद्धा सुटलं होतं. समुपदेशक बाईंनी सल्ले दिले नाहीत. दिवस कसा जातो ते तासातासाचं विचारत विचारत लिहून घेतलं. मग उत्साह येण्याची वाट न बघता एकच छोटं काम ठरवलं. ‘संगत’ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी हीच पद्धत ६ ते ८ भेटींत वापरली, तीही डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून. आईचं पहिलं काम होतं सकाळी अबोलीला पाणी घालणं.