मालवणात मे महिन्यात आई तीन आठवडे राहायला येतेय, तयारी काय करू?

माडाखाली
नोकरीमुळे मालवणला लागून असलेल्या वायरीत भाड्याच्या घरात राहतो, किनारा चालत पाच मिनिटांवर. चैत्री वारी आटोपून आई पंढरपूरहून येणार आहे. वय ७१, माळकरी. गुडघे दुखतात, बीपीची गोळी रोज, दोन वेळचं इन्सुलिन आणि एकादशी चुकवत नाही. सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय आणि अमावस्येला समुद्रस्नान करायचंय, ही तिची फार दिवसांची इच्छा. घर चिऱ्याचं जुनं आहे, न्हाणीघर मागच्या पडवीला लागून. प्रवास, औषधं, जेवण, फिरणं यात नेमकं काय सांभाळावं लागेल?

घाटवाट
प्रवासाचं आधी सांगतो. पंढरपूर ते मालवण एका दमात आणू नका, गुडघे सुजतील. पहिल्या दिवशी कोल्हापूर, मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगरी–दाजीपूर करत फोंडा घाट आणि कणकवली. राधानगरीला स्वच्छतागृहाला जाऊन या. पुढे जंगल आहे, घाट उतरून फोंड्याला पोचेपर्यंत धड सोय नाही. आईला पुढच्या सीटवर बसवा आणि दर दीड तासाने गाडी थांबवून तिला दहा मिनिटं पायी चालू द्या. घाटात मळमळते म्हणून दुकानातून परस्पर गोळी देऊ नका. त्या गोळ्यांनी या वयात गुंगी येते आणि उतरताना तोल जातो.

एसटीने येणार असतील तर ७५ पूर्ण होईपर्यंत प्रवास मोफत नाही, पण निम्मं भाडं लागेल. आधार कार्ड हाताशी ठेवायला सांगा.

मुंबईमार्गे रेल्वेने आणायचं ठरलं तर उतरायला कुडाळ. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे तिकीट पुढच्या तारखेचं काढावं लागतं. इथे बरेच जण चुकतात. एकटी बाई ४५च्या पुढची असेल तर खालच्या बर्थचा वेगळा कोटा मिळतो. त्याच तिकिटावर तिसरं नाव घातलंत की तो हक्क जातो. कुडाळला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. सामान आधीच दाराशी आणून ठेवलेलं बरं.

दवाखान्यामागे
तुमच्या यादीतलं इन्सुलिन सगळ्यात नाजूक, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

पंढरपुरात माठात किंवा ओल्या फडक्यात बाटली ठेवली तर चालून जातं. तिकडची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि गारवा येतो. मालवणात मे महिन्यात हवाच दमट, पाणी उडतच नाही, माठ नावापुरताच गार होतो. कूलरचंही तेच, खोलीत दमटपणा वाढवून जीव आणखी घुसमटतो. तिकडून कूलर आणायचा विचार असेल तर सोडून द्या. छताचा पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि पश्चिमेच्या खिडकीला दुपारी जाड पडदा, एवढं करा. एसी असेल तर २६ वर.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात. बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलं की फेकायचं. उघडलेली बाटली एरवी खोलीत महिनाभर चालते असं सांगतात, पण ते ३० अंशांखाली. इथे दुपारी खोली त्याच्या वर जाते, तेव्हा तीही फ्रिजमध्येच, आणि टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर. वळवाचा पाऊस लागला की वीज जाते. फ्रिज उघडला नाही तर चारेक तास थंड राहतो, म्हणून त्या वेळात कुणालाही पाण्याची बाटली काढू देऊ नका. साखर मोजायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण क्षणभरही उघडं नको. दमट हवेने पट्टी बिघडते आणि आकडा चुकतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. साखर उतरली की दरदरून घाम येतो. इथे घाम सगळ्यांनाच येत असतो, त्यामुळे ती खूण हरवते. आई अचानक गप्प झाली, हात थरथरले, गोंधळल्यासारखी वाटली, तर «उकाडाच आहे» असं न म्हणता लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजता येत नसेल तर साखर आधी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते चिठ्ठीवर बघा. असेल तर घामाने पाणी आणखी कमी होतं आणि उठताना चक्कर येते. आल्यानंतर पहिले चार दिवस सकाळी बसून बीपी मोजा, उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर तिच्या डॉक्टरांना कळवा. गोळी आपण होऊन कमी करायची नाही. एकादशीच्या दिवशी इन्सुलिन किती, हेही तिकडूनच लिहून आणायला सांगा.

न्हाणीघराला धरायची दांडी हवीच, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. पण चिरा सच्छिद्र. नुसती प्लास्टिकची गिट्टी ठोकून दांडी लावली तर महिनाभरात हलायला लागते आणि नेमकी वजन टाकल्यावर सुटते. काँक्रीटचा खांब किंवा पट्टी असेल तिथे लावा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून पत्र्याची चकती द्या. पडवीतल्या फरशीवर शेवाळ असेल तर आत्ताच, उन्हात, घासून काढा.

चुलीपाशी
माळकरी माणसाला इथे पहिला प्रश्न वासाचा आणि भांड्यांचा. घरात मासे शिजत असतील तर तवा, कढई, विळी, पाटा वेगळा काढून ठेवा, आणि तो तिच्या डोळ्यांसमोर वेगळा असू दे. नुसतं सांगून समाधान होत नाही, आणि ते साहजिक आहे. जेवायला बाहेर न्यायचं तर «शाकाहारी मिळेल» एवढ्यावर न जाता आमटी-भाजीची फोडणी वेगळ्या भांड्यात होते का ते विचारून घ्या.

भाकरी सुटणार नाही. ज्वारी तिकडून धान्य म्हणूनच आणायला सांगा, तीन आठवड्यांना ५-६ किलो पुरे. पीठ आणलं तर दमट हवेत आठ-दहा दिवसांत चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते. गिरणीत दोन किलोच्या वर एका वेळी दळू नका. पीठ विरी गेलंच तर उकळत्या पाण्याने मळा.

इथलं शाकाहारी खाणं खरं तर फार चांगलं आहे: काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळी, घावणे, फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ मिळाली तर. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी, पण गूळ-नारळरसातले शिरवाळे चवीपुरतेच.

आणि कोकम. सगळे म्हणतील सोलकढी द्या, उन्हाळ्यात बरी. पण ती ज्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची करतात, त्यात टिकावं म्हणून भरपूर मीठ असतं, बीपीला ते नको. अमृत कोकम साखरेच्या पाकातलं, मधुमेहाला तेही नको. बिनमिठाची आमसुलं मागून घ्या, सहा-सात आमसुलं दोन पेले पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा, चिमूटभर जिरेपूड घाला.

मे अखेरीस किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. डाळ शिजेना झाली की समजा पाणी बदललं. पिण्याला आणि स्वयंपाकाला २० लिटरचा जार लावा. तोही शनिवारी-रविवारी मिळत नाही, शुक्रवारी सकाळीच सांगून ठेवा.

रापणकर
आवशीक खुशाल हाडा. समुद्राचा मी सांगतंय.

भरती काढायला तिथीची पाऊणपट करा. पंचमी म्हणजे पावणेचार, अष्टमी सहा, एकादशी सव्वाआठ, अमावस्या सव्वाअकरा. त्या सुमाराला पाणी भरतं, सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे. अमावस्येला उधाण असतं, पाणी फार मागे जातं आणि तेवढ्याच जोरात चढतं. म्हणून स्नान पहाटे साडेपाच-सहाला, सुकतीच्या वेळी, आठच्या आत बाहेर. कमरेपर्यंत जायचं नाही. लाट परतताना पायाखालची रेती ओढून नेते, धड गुडघ्याचा माणूसही बसतो. चिवल्याच्या किनाऱ्यावर ओल्या रेतीत खुर्ची टाका आणि तांब्याने अंगावर पाणी घ्या. स्नान झालंच की. नंतर गोड्या पाण्याने पाय धुवा, बोटांमधली रेती नीट काढा. मधुमेहात तिथेच जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

चालायला ओली घट्ट पट्टी, सुकी रेती गुडघ्यांना वाईट. पुनव-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी किनारा सगळ्यात रुंद मिळतो.

किल्ल्याची होडी सकाळची पहिली धरा, दुपारी वारा सुटतो. अवघड भाग चढणं-उतरणं. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. एक माणूस आधी उतरून समोरून दोन्ही हात धरेल, दुसरा मागे. तासाभरात परत बोलावतात, म्हणून चढतानाच तांडेलाला, म्हणजे होडीवाल्याला सांगा की आम्ही पुढच्या फेरीला येणार. आत शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथपर्यंत सावकाश न्या. तटावर चढवू नका. मे संपता संपता होड्या बंद होतात, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

माडाखाली
होडीत उतरताना तिने कचरलं तर?

रापणकर
तर उतरवू नका. धक्क्यावरूनच किल्ला समोर दिसतो. मग मोरयाच्या धोंड्याकडे न्या, २५ नोव्हेंबर १६६४ला किल्ल्याचा मुहूर्त करताना शिवाजी महाराजांनी पूजा केली ती जागा. सकाळी सात-साडेसातला, पर्यटक यायच्या आत. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार तारकर्लीचा रस्ता तुंबतो, तेव्हा वायरीतून बाहेरच पडू नका, आणि ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा नंबर आईच्या फोनमध्येही टाकून ठेवा.