रॉकेल बंद झालं, पण नाका कामगाराची चूल कशावर पेटते?

मूळ मुद्दा
रेशनच्या रॉकेलचा दर २०१६पासून पंचवीस-पंचवीस पैशांनी चढवत नेला आणि २०२१च्या अर्थसंकल्पात अनुदानाची तरतूदच राहिली नाही. कुणी हळहळलं नाही. आता घरोघरी गॅस आहे, असं सगळे धरून चालतात. रोज नाक्यावर उभं राहून मजुरी शोधणाऱ्या नाका कामगारांमध्ये मी बरीच वर्षं वावरते. काम मिळालं तर संध्याकाळी हातात रोख, त्यातून पावशेर तेल, किलोभर तांदूळ. रॉकेलही असंच अर्धा लिटर आणता यायचं. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे मात्र एकरकमी लागतात. मग गल्लीतल्या दुकानातून छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतात. महागही पडतो आणि जिवाला धोका वेगळाच.

प्रतिसाद
नाका कामगाराला रेशनचं रॉकेल मिळत कधी होतं? कार्ड गावाकडे, माणूस इथे. रॉकेल जायचं डिझेलमध्ये. जानेवारी २०११मध्ये मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. रेशनचं स्वस्त रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांतल्या फरकावरच ते माफिया पोसले होते. आमच्या घरात स्टोच्या भडक्याने मावशी भाजली. ते दिवस परत नकोत.

मूळ लेखिका
मनमाडचं आणि कार्डाचंही मान्य. पण काळ्या बाजारातलं का होईना, ते सुटं मिळत होतं. गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या सरकारी योजनेत, २०२१च्या उज्ज्वला २.०मध्ये, स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणा चालते, हे चांगलंच झालं. जोडणी मिळते हो, पुढची टाकी कशी भरायची? उज्ज्वलाचे टाकीमागचे अनुदानाचे ३०० रुपयेसुद्धा आधी पूर्ण पैसे मोजल्यावर खात्यात येतात.

आणखी एक प्रतिसाद
माझी चहाची गाडी आहे. आमच्या धंद्याच्या १९ किलोच्या सिलिंडरला अनुदान कधीच नव्हतं, त्याचा दर एक तारखेला बदलतो. चहा दहाचा बारा केला की गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर. दर वाढला की मी दूध कमी करते, दुसरं काय करणार? घरचा सिलिंडर लावला तर जप्तीची भीती. आमचं नाव कुठल्याच यादीत नाही.

पहिले प्रतिसादक
ताई, टाकीच्या एकरकमी पैशांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण उपाय रॉकेल नव्हे. पाच किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, तो घ्यायला सांगा.

मूळ लेखिका
त्या सिलिंडरला अनुदान नाही. रॉकेलवरचे वाचलेले पैसे तिथे का लावले नाहीत, एवढंच मी विचारतेय.