सौद्याच्या ॲपसाठी रिॲक्ट घ्यावं, की जँगोचे टेम्प्लेटच पुरेत?

बेदाणा_लॉट:
सांगली मार्केट यार्डातल्या एका बेदाणा अडत दुकानाचं ॲप आहे. सर्व्हरवर जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), डेटाबेस पोस्टग्रेस, पानं सर्व्हरवरच बनवणारे जँगोचे टेम्प्लेट आणि ब्राउझरमध्ये थोडं जेक्वेरी. स्क्रीन २२: आवक, सौद्याची नोंद, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), खरेदीदाराचं बिल, खातेउतारा वगैरे. तक्रारी दोन. ५० लॉटची यादी उघडायला ३ सेकंद लागतात, आणि सौदा चालू असताना गोडाऊनमध्ये रेंज गेली की मोबाइलवर भरलेला दर जातो. डेव्हलपर दोघंच. सगळं रिॲक्टमध्ये, म्हणजे पानं ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टनं बनवून, नव्याने लिहायचा विचार आहे. पुढं माणूस घ्यायचा झाला तरी रिॲक्ट येणारी मुलं लवकर मिळतात. जाणकारांनी सांगा.

कृष्णाकाठ:
दादा, आधी ते ३ सेकंद कुठं जातात ते बघा. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या पानाचं टायमिंग उघडा. बहुतेक वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात जात असेल तर रिॲक्ट आणून काही फरक पडणार नाही, तोच सर्व्हर तेवढ्याच सावकाश जेसन (नुसता डेटा) देईल. जँगो डीबग टूलबार लावून क्वेरी (डेटाबेसला गेलेल्या विचारणा) मोजा. यादीत प्रत्येक लॉटसमोर शेतकरी आणि खरेदीदार दाखवताय ना? मग ५० लॉटना १ + ५० + ५० अशा १०१ क्वेरी जात असणार. सिलेक्ट_रिलेटेड (जोडलेली माहिती एकाच क्वेरीत आणणारी जँगोची सोय) लावलं की एकीवर येतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

हरिपूर_पेव:
वरच्याशी सहमत. रिॲक्टचा खर्च फाइलच्या आकारात नाही, कॉम्प्रेस केल्यावर ती काही फार मोठी भरत नाही. खर्च दुप्पट कामाचा आहे. आज फॉर्म, तपासणी, लॉगिन, परवानग्या सगळं जँगोत एका जागी आहे. उद्या त्यासाठी एपीआय (ब्राउझरला डेटा देणारे पत्ते) आणि सीरियलायझर (नोंदीचं जेसन करणारा कोड) लिहायचे, तीच तपासणी ब्राउझरमध्ये परत लिहायची, राउटिंग वेगळं, बिल्ड वेगळा. दोघांत २२ स्क्रीन म्हणजे कित्येक महिने नवीन काही मिळणार नाही, आणि सीझन काही थांबत नाही.

पट्टीचा हिशेब तर ब्राउझरमध्ये नेऊच नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही. हमाली, तोलाई वजा करताना पैशांचा फरक पडला की शेतकरी पट्टी परत घेऊन येतो, आणि त्याचं बरोबरच असतं. स्क्रीनवर अंदाज दाखवायचा असेल तर वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, पूर्णांकातच धरा. छापायचा आकडा सर्व्हरवरच्या डेसिमलचा, त्यात दशांश अचूक राहतात.

पान पूर्ण लोड होतं हेच खटकत असेल तर एचटीएमएक्स बघा, ते सर्व्हरकडून एचटीएमएलचा तुकडा आणून पानाचा तेवढाच भाग बदलतं. दोन ठिकाणी अडकाल. फॉर्ममध्ये चूक असताना ४२२ (माहिती चुकीची) परत दिलं तर एचटीएमएक्स मुळात काहीच बदलत नाही, चूक सांगणारा संदेश दिसतच नाही. सेटिंग बदला नाहीतर २०० (ठीक) द्या. दुसरं, एकाच पत्त्यावर कधी पूर्ण पान, कधी तुकडा देत असाल तर व्हेरी हेडरमध्ये (उत्तर कशानुसार बदलतं ते ब्राउझरच्या कॅशला सांगणारी ओळ) एचएक्स-रिक्वेस्ट घाला, नाहीतर बॅक दाबल्यावर नुसता तुकडा दिसतो.

बेदाणा_लॉट:
क्वेरी मोजल्या, १०३ निघाल्या. यादीचं कळलं. पण रेंज गेल्यावर दर जातो त्याचं काय? ते टेम्प्लेटनं कसं सुटणार?

मिरज_जंक्शन:
तेवढी एक स्क्रीन टेम्प्लेटनं सुटणार नाही, तिथं ब्राउझरमध्येच काम करावं लागेल. पण लक्षात घ्या, ऑफलाइन सोय फ्रेमवर्क देत नाही. ती सर्व्हिस वर्कर (रेंज नसताना पान उघडून देणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरमधला डेटाबेस) देतात. त्या एका पानावर व्ह्यू (Vue, रिॲक्टसारखंच फ्रेमवर्क) लावा, बाकी २१ पानं आहेत तशी राहू द्या.

दर भरला की आधी इंडेक्स्डडीबीत लिहा, मग पाठवा. प्रत्येक नोंदीला फोनवरच यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा क्रमांक) द्या आणि पोस्टग्रेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला. उत्तर येता येता रेंज गेली तर फोन तीच नोंद परत पाठवतो; बंधन नसेल तर एक लॉट दोनदा विकला जाईल. आधीच असलेली नोंद परत आली तर सर्व्हरनं २०० द्यावं. एरर दिला तर रांग तिथंच तुंबते.

बॅकग्राउंड सिंकवर (रेंज आल्यावर ब्राउझरनं आपोआप पाठवणं) विसंबू नका, आयफोनच्या सफारीत ते नाही. नॅव्हिगेटर डॉट ऑनलाइनवरही (ऑनलाइन आहे का हे सांगणारी ब्राउझरची खूण) नको: वायफाय जोडलेलं पण इंटरनेट बंद, तरी ते ऑनलाइन आहे असंच सांगतं. दर १५ सेकंदांनी रांग पाठवून बघा. आणि न गेलेल्या नोंदी स्क्रीनवर ठळक लाल आकड्यात दाखवा, म्हणजे माणूस फोन बंद करून घरी जाणार नाही. एचटीटीपीएस लागेलच, त्याशिवाय सर्व्हिस वर्कर चालत नाही.

कृष्णाकाठ:
व्ह्यूच का? माणूस रिॲक्टचा मिळणार असेल तर ते एक पान रिॲक्टमध्ये करा, काही बिघडत नाही. लॉगिनला मात्र जँगोचं सेशन कुकीच ठेवा, लॉगिनचं टोकन लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरमधली साधी साठवण) नको. सेशन संपलं असताना रांग गेली तर लॉगिनचं पान २०० घेऊन परत येतं आणि नोंद गेली असं समजून ॲप ती पुसून टाकतं. त्या पत्त्यावर सरळ ४०१ (लॉगिन नाही) द्या, आणि ४०१ आलं तर रांगेला हात लावू नका.