'पढवणे' की 'बिंबवणे'?

परभणीकर : नववीच्या पोरांसाठी हिटलरच्या काळातल्या शाळांवर टिपण लिहायलोय. सरकारनं शाळेतून एकच मत डोक्यात भरायचं, याला काय म्हणावं? एकानं 'मतारोपण' सुचवलं, पण पोरं वृक्षारोपण समजतील. 'बिंबवणे' चालेल?

औसेकर : बिंबवणे नको. हात धुवायची सवयही बिंबवतातच की. 'पढवणे' घ्या. पढवलेला साक्षीदार ठरलेल्या वाक्याबाहेर पाऊल टाकत नाही, उलटतपासणीत तिथंच सापडतो. 1935 च्या सुमाराचं एक जर्मन शालेय गणित बघा: वेड्यांचं इस्पितळ बांधायला 60 लाख मार्क लागतात, तर तेवढ्यात 15 हजारांची घरं किती होतील? उत्तर 400. भागाकार बरोबर आला की पोरगं खूश. ते रुग्ण कुठं जातील, हे विचारायला त्या गणितात जागाच ठेवली नव्हती. सगळं पढवणं त्या 'तर'मध्ये आहे.

खुलताबादकर : आमच्याकडं पढणं बिनदोषी हो! निजामाच्या राज्यातले म्हातारे 'उर्दूत चार बुकं पढलो' असंच म्हणायचे. 1938 साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या पोरांना वंदे मातरम् म्हटलं म्हणून काढून टाकलं, त्यालाही पढवणंच म्हणायचं का?

औसेकर : पढणं आणि पढवणं, 'व'नं फरक पडतो. आणि उस्मानियात झाली ती बंदी. गप्प बसवणं वेगळं, हवं ते बोलायला लावणं वेगळं. त्या पोरांना पुढं नागपूर विद्यापीठानं घेतलं; 1939 नंतर जर्मन पोरांना असं दुसरं दार नव्हतं. दहाव्या वर्षापासून हिटलर युथ, म्हणजे नाझी पक्षाची युवा संघटना, सक्तीची.

परभणीकर : त्या भागाला 'कवायत' लिहू?

खुलताबादकर : नको. कवायत तर आपण 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाही करतो. गंमत म्हणजे उर्दूत 'क़वाइद' म्हणजे व्याकरणसुद्धा. तुमच्या टिपणात 'जुंपणे' बसेल. 1944 च्या ऑक्टोबरात 16 वर्षांची पोरं फोल्क्सश्टुर्ममध्ये, म्हणजे युद्धाच्या शेवटी उभारलेल्या नागरी सेनेत, बोलावली, अंगावर धड गणवेश नसताना.

औसेकर : जुंपणे झकास. फक्त 'मुले पढवली गेली' असं कर्मणी लिहू नका. कोणी पढवलं ते वाक्यात येऊ द्या, मास्तरांसकट.