कुंपणालगतचे रोहित्र, खेळणारी मुले आणि तुटलेली तार: नेमकी काय काळजी घ्यावी?

अंगणवेल (प्रश्न)

आमच्या कुंपणाला लागूनच जमिनीवर बसवलेले रोहित्र आहे, म्हणजे कुलूपबंद लोखंडी पेटीतला ट्रान्सफॉर्मर. त्यातून अखंड गुणगुणल्यासारखा आवाज येतो, पेटी हाताला कोमट लागते आणि मुले खेळताना खुशाल तिच्यावर चढून बसतात. काही जण म्हणतात की पेटी बंद आहे तोवर भीती नाही, तर काही जण त्या आवाजालाच धोक्याची खूण मानतात. पेटी दृष्टीआड व्हावी म्हणून तिच्याभोवती झुडपे लावण्याचाही माझा विचार होता. याशिवाय गेल्या वादळात जवळच्या खांबावरची तार तुटून रस्त्यावर पडली, तेव्हा तिच्यापासून किती लांब राहावे यावर कोणाचेच एकमत होईना. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना लाइनमन

आवाजाला घाबरू नका. प्रवाहाची दिशा सतत बदलत असल्यामुळे रोहित्राच्या गाभ्यातील पोलाद सूक्ष्म प्रमाणात ताणले-आखडले जाते, आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर त्यातून मुख्यतः १०० हर्ट्झचा घुमारा निघतो. कोमटपणाही स्वाभाविकच आहे. मात्र आवाज एकाएकी बदलला, तडतड ऐकू आली, जळका वास आला किंवा पेटीच्या बुडाशी तेल झिरपलेले दिसले, तर जवळ जाऊन पाहणी करत बसू नये, लांबूनच वीज कंपनीला कळवावे.

बंद पेटीशेजारून जाण्यात धोका नाही, पण तिच्यावर बसणे ही सवय मोडलीच पाहिजे, कारण एखादे दिवशी कुलूप तुटलेले असेल, दार गंजून फटीएवढे उघडले असेल, आणि ज्या मुलाला ती पेटी म्हणजे बसायचा ओटा वाटते, ते त्या फटीतून काडी घालायला मागेपुढे पाहणार नाही. आत उघडे राहिलेले टोक ११,००० व्होल्टचे असू शकते. चेंडू कुंपण घातलेल्या उपकेंद्रात गेला तर तो गेला असेच समजावे.

झुडपांचा विचार सोडून द्या. दार उघडून काम करणारा माणूस लांब इन्सुलेटेड काठी वापरतो आणि त्याला मागे सरकायला जागा लागते, म्हणून दारासमोर साधारण ३ मीटर मोकळे असावे. झुडपांच्या दाटीने हवा अडली की पेटीही जास्त तापते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटीतून निघणाऱ्या केबल तुमच्या कुदळीच्या वाटेतच पुरलेल्या असतात.

नवा सभासद

पेटीबद्दलचे सर्व पटले. तारेबाबत मात्र मला वाटते की पायात रबरी तळाची चप्पल असेल आणि तारेतून ठिणग्या उडत नसतील, तर ती लाकडी काठीने बाजूला करायला हरकत नसावी. शेवटी पक्षी तर दिवसभर तारेवर बसतातच.

भौतिकशास्त्र शिक्षक

वरील सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. पक्षी वाचतो तो त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे जवळजवळ सारख्याच विद्युतदाबावर असतात म्हणून. माणूस जमिनीवर उभा असतो, आणि तार जमिनीला टेकते तिथून हा दाब टेकडीच्या उतारासारखा चहूबाजूंनी कमी होत जातो. त्या उतारावर लांब टांग टाकली की एक पाय जास्त दाबावर आणि दुसरा कमी दाबावर पडतो, आणि तारेला हातही न लावता दोन्ही पायांमधून प्रवाह वाहू लागतो. चपलेचा रबर या दाबासाठी बनवलेला नसतो, आणि ओली किंवा मळकी लाकडी काठी वीज वाहून नेते.

ठिणग्या नसणे हा तार मृत असल्याचा पुरावा नव्हे. कोरड्या रस्त्यावर पडलेल्या तारेतून इतका थोडा प्रवाह जमिनीत जातो की संरक्षक ब्रेकरला, म्हणजे दोष आढळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचला, दोष जाणवतच नाही, पण त्यातला अत्यल्प भागही माणसाला पुरेसा ठरतो. शिवाय फांदी लागून आलेला तात्पुरता दोष दूर झाला असेल या हिशोबाने काही ब्रेकर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू होतात, म्हणजे आत्ता मृत असलेली तार पुढच्या क्षणी जिवंत होऊ शकते.

म्हणून किमान १० मीटर लांब राहावे, जमीन ओली असल्यास अधिक. नकळत जवळ पोहोचला असाल तर दोन्ही पावले एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, लहान लहान सरकत मागे यावे. कोणी तारेला चिकटलेले दिसले तरी पुरवठा बंद झाल्याची खात्री वीज कर्मचाऱ्याने देईपर्यंत त्याला हात लावू नये. हे सांगणे कठोर आहे, परंतु धावत गेलेला दुसरा माणूसही अशाच वेळी दगावतो.

अंगणवेल

मनापासून आभार. तार गाडीवर पडली आणि आत माणसे असतील तर?

जुना लाइनमन

आतच बसून राहायचे आणि फोनने मदत मागवायची. बाहेर यावेच लागेल अशी आग लागली असेल, तरच दोन्ही पाय जुळवून, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा रीतीने उडी मारायची आणि वर शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे सरकत दूर जायचे.

आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही, पण आम्हा लोकांच्या जिवाशी तिचा संबंध आहे. पुरवठा गेल्यावर काही जण जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचतात. मेन स्विच चालू राहिला असेल तर ती वीज उलट्या दिशेने रोहित्रात जाते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो आणि बंद समजून तार जोडणाऱ्या माणसाच्या हातात पोहोचते. जनरेटर जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी कंपनीची किंवा जनरेटरची अशी एकच वीज जोडू देणारा स्विच, बसवूनच जोडा.