शुक्रवारची सुट्टी आणि २०१६ चं फुट्सक्रे
"सामना शनिवारी, मग शुक्रवारी सुट्टी कशाला?" ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याआधीच्या सुट्टीवर कुणीतरी घेतलेला हा आक्षेप हिशेबाने बरोबर असेल, पण मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१५ पासून ही सुट्टी आहे आणि खरी मजा त्याच दिवशी. दोन्ही संघांची मिरवणूक निघते, अजून कुणीच हरलेलं नसतं! सामना होतो त्या मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर लाखभर माणसं मावतात खरी, पण साध्या चाहत्याला तिकीट मिळणं महाकठीण; त्याचा सोहळा तो हाच.

आणि "दरवर्षीचंच कौतुक" म्हणाल, तर २०१६ मध्ये मी मेलबर्नच्या फुट्सक्रे उपनगरात राहत होतो. तिथलाच संघ वेस्टर्न बुलडॉग्ज १९६१ नंतर पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचले होते. विजेतेपद तोवर एकदाच, तेही १९५४ मध्ये. दुकानांच्या काचा संघाच्या रंगांत, लाल-पांढऱ्या-निळ्या. शेजारचे म्हातारबुवा मात्र जिंकण्याबद्दल अवाक्षर काढेनात. विषय निघाला की शनिवारी पाऊस आहे का, एवढंच विचारायचे. पुढे सिडनी स्वान्सला २२ गुणांनी हरवलं आणि रविवारी संघाच्या व्हिटन ओव्हल मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. म्हातारबुवा गळ्यात मफलर घालून सकाळपासूनच तिथे, आणि आता मात्र थांबता थांबेनात.