साठीनंतर स्मरणशक्तीसाठी कोणत्या गोळ्या घ्याव्यात?

प्रश्न: जिंको (जिंको झाडाच्या पानांचा अर्क), ओमेगा-३, बी-१२ असं सगळं एकत्र सुरू करावं का? मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे.

प्रतिसाद १: एकदम सगळं नको. आधी बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की त्याचं शोषण घटतं, आणि त्यातून आलेला विसराळूपणा वेळेत उपचार झाले तर बराच सुधारू शकतो. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० आलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिडही (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघून घ्या. रक्त देण्याआधीच गोळी सुरू केली तर आकडा वर जातो आणि मूळ कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड तर नकोच: ॲनिमिया सुधारलेला दिसतो, नसांचं नुकसान चालूच राहतं.

प्रतिसाद २: जिंकोवर पैसे घालवू नका. तीन हजारांवर वृद्धांना रोज २४० मिलिग्रॅम देऊन किंवा नुसती प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली (निष्कर्ष २००८), डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण घटलं नाही. वॉरफरिन किंवा ॲस्पिरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

प्रतिसाद ३: रक्तदाब आणि कान, इकडे आधी बघा; वाढलेला रक्तदाब आणि कमी ऐकू येणं, दोन्हींचा स्मरणशक्तीशी संबंध आहे. रक्तदाब पाच मिनिटं स्वस्थ बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो. ऐकू कमी येत असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करा. श्रवणयंत्र लागलं तर ते दिवसभर कानात हवं. आणि झोपेसाठी डायफेनहायड्रामिन (ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध) असलेल्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांशी बोलून थांबवा, त्यांनीच स्मृती मंदावते.